तीन आकड्यांतून पीळ कसा ओळखतात

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: अंतराळयानावरचे मॅग्नेटोमीटर क्षणोक्षणी चुंबकीय क्षेत्राचे तीन घटक देते, म्हणजे फक्त तीन आकडे. एवढ्यावरून सूर्याकडून आलेले क्षेत्र दोरासारखे पिळलेले आहे, पीळ डावा आहे की उजवा आणि तो किती घट्ट आहे, हे छातीठोकपणे कसे सांगता येते?

आधी त्या छातीठोकपणाबद्दल. या तीन गोष्टींवर माझा विश्वास सारखा नाही. क्षेत्र पिळलेले आहे हे चांगल्या नोंदीत उघड्या डोळ्यांना दिसते. पीळ डावा की उजवा, हे बहुतेक वेळा खात्रीने सांगता येते. पीळ किती घट्ट, हा आकडा मात्र कोणीही थेट मोजलेला नसतो. तो मानून घेतलेल्या आकारातून काढलेला असतो. वीसेक वर्षे या नोंदी चाळल्यावर मला हा फरक सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि छापील निबंधांत तो अनेकदा पुसट होतो.

सुरुवात उपकरणापासून करावी लागते. पृथ्वीच्या पृष्ठभागावर चुंबकीय क्षेत्र जागेनुसार साधारण २५,००० ते ६५,००० नॅनोटेस्ला (चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे लहान एकक) असते. सौरवारा म्हणजे सूर्यातून सतत वाहणारा विद्युतभारित कणांचा झोत; पृथ्वीजवळच्या शांत सौरवाऱ्यात ते पाच-सहा नॅनोटेस्ला असते. पिळलेला दोर आला तर पंधरा, वीस, कधी तीस होते. २३ जुलै २०१२ रोजी स्टिरिओ-ए यानावरून गेलेल्या उद्रेकात ते शंभराच्या पुढे गेले होते, पण तसे दिवस दुर्मिळ. इतके क्षीण क्षेत्र मोजायला आजही मुख्यतः फ्लक्सगेट मॅग्नेटोमीटर वापरतात. त्यात चटकन संपृक्त होणाऱ्या, म्हणजे याहून जास्त चुंबकित होऊ न शकणाऱ्या अवस्थेला पोहोचणाऱ्या, मिश्रधातूची एक कडी असते. तिच्याभोवतीच्या वेटोळ्यातून उलटसुलट प्रवाह सोडून ती कडी एकदा या दिशेने, एकदा त्या दिशेने संपृक्त करतात. बाहेर क्षेत्र नसेल तर दोन्ही बाजू अगदी सारख्या निघतात. बाहेरचे क्षेत्र असले की एक बाजू किंचित आधी संपृक्त होते, आणि ही विषमता चालक प्रवाहाच्या दुप्पट वारंवारतेच्या संकेतात उमटते. मग दुसऱ्या वेटोळ्यातून उलट प्रवाह सोडून तो संकेत शून्यावर आणतात. त्यासाठी किती प्रवाह लागला, तेच आपले मोजमाप. तीन काटकोनी दिशांना असे तीन संवेदक लावले की तीन आकडे मिळतात.

अडचण अशी की यानालाही स्वतःचे चुंबकत्व असते. सौरपट्ट्यांतले प्रवाह, रिले, चाकांच्या मोटारी, हीटर, सगळ्यांचे मिळून. म्हणून संवेदक लांब दांड्यावर बसवतात. आदित्य-एल१ यानाचा दांडा सहा मीटर लांब आहे. ११ जानेवारी २०२४ रोजी तो उलगडला, आणि त्यावर तीन मीटरवर एक व सहा मीटरवर दुसरा असे दोन संवेदक आहेत. दोन का, याचे उत्तर साध्या गणितात आहे. द्विध्रुवाचे, म्हणजे दोन टोकांच्या साध्या चुंबकाचे, क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटते. यानाचे चुंबकत्व दांड्याच्या मुळाशी एकाच जागी आहे असे धरले, तर अंतर दुप्पट झाल्यावर त्याचे क्षेत्र आठवा भाग उरते. सौरवाऱ्याचे क्षेत्र मात्र तीन मीटरमध्ये बदलत नाही. तेव्हा आतल्या संवेदकाच्या आकड्यातून बाहेरच्याचा वजा करायचा, सातने भागायचे, आणि बाहेरच्या संवेदकावर पडलेली यानाची सावली हाती येते. प्रत्यक्षात उगमस्थाने यानभर विखुरलेली असतात, त्यामुळे तो आठाचा गुणक नेमका आठ राहत नाही आणि तो उड्डाणात पुन्हा ठरवावा लागतो.

एका मोहिमेच्या नोंदींत मला ठरावीक अंतराने ०.३ नॅनोटेस्लाची पायरी दिसायची. वर एकदा, खाली एकदा. आमच्यापैकी दोघांनी ती सौरवाऱ्यातली बारीक प्रवाहपटले आहेत असे मानून महिनाभर त्यावर काम केले. मग यानाच्या तापमानाची नोंद शेजारी ठेवून पाहिली. हीटर सुरू होण्याच्या आणि बंद होण्याच्या वेळा पायरीशी सेकंदाला सेकंद जुळत होत्या. तेव्हापासून यानाची घरगुती नोंद, म्हणजे तापमान, हीटर वगैरेंची नोंद, समोर असल्याशिवाय मी कोणत्याही लहान रचनेवर एक वाक्य लिहीत नाही.

याहून चिवट दुखणे म्हणजे शून्य सरकणे. क्षेत्र शून्य असताना उपकरण शून्य दाखवतेच असे नाही, आणि ही चूक तापमानाबरोबर व वर्षांबरोबर बदलते. पाच नॅनोटेस्लाच्या क्षेत्रात अर्ध्या नॅनोटेस्लाची चूक राहिली, तर दिशा जवळजवळ सहा अंशांनी चुकू शकते. यान स्वतःभोवती फिरत असेल तर फिरण्याच्या प्रतलातले दोन घटक सोपे असतात: बाहेरचे क्षेत्र संवेदकाला फिरताना दिसते, संवेदकाची चूक मात्र स्थिर राहते, म्हणून ती वेगळी काढता येते. फिरण्याच्या अक्षावरचा तिसरा घटक अवघड. त्यासाठी वापरतात ती युक्ती मला या विषयातली सर्वांत देखणी वाटते. सौरवाऱ्यात आल्फव्हेन लहरी, म्हणजे ताणलेल्या तारेवरून जाव्यात तशा क्षेत्ररेषांवरून धावणाऱ्या लहरी, सतत असतात, आणि त्यांच्यात क्षेत्राची दिशा खूप हलते पण एकूण तीव्रता जवळपास तशीच राहते. म्हणजे क्षेत्राच्या बाणाचे टोक एका गोलाच्या पृष्ठावर भटकत असते. शून्य सरकलेले असेल तर त्या गोलाचा मध्य आपल्या आलेखाच्या मध्यापासून हललेला दिसतो. तो परत मध्यावर आणण्यासाठी किती सरकवावे लागले, तेवढी उपकरणाची चूक. सौरवाराच उपकरणाची परीक्षा घेतो.

आता दोराकडे. सौरवाऱ्यातले नेहमीचे क्षेत्र सूर्याच्या फिरण्यामुळे आर्किमिडीजच्या सर्पिलासारखे वळते. यूजीन पार्कर यांनी १९५८ मध्ये ते मांडले, आणि पृथ्वीजवळ ही वळणरेषा सूर्य-पृथ्वी रेषेशी साधारण ४५ अंशांचा कोन करते. हे वळण आहे, पीळ नव्हे. अनेकांची इथेच गल्लत होते. पीळ म्हणजे क्षेत्ररेषा एका अक्षाभोवती गुंडाळत पुढे जाणे, दोराचे पेड जातात तसे. असा पिळलेला भाग सूर्याच्या प्रभामंडलातल्या उद्रेकांबरोबर, म्हणजे सीएमईबरोबर, बाहेर पडतो. लेन बर्लागा आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये व्हॉयेजर, हेलिओस आणि आयएमपी ८ या यानांच्या नोंदी एकत्र ठेवून अशा रचनेचा आकार दाखवला, आणि 'चुंबकीय ढग' हे नाव रूढ झाले. ओळखायच्या खुणा तीन: तीव्रता नेहमीपेक्षा जास्त, दिशा सावकाश आणि सलग फिरत जाणारी, आणि प्रोटॉनांचे तापमान त्या वेगाच्या सौरवाऱ्यात अपेक्षित असते त्यापेक्षा कमी. तिसरी खूण महत्त्वाची, कारण त्यामुळे आत चुंबकीय दाब प्लाझ्माच्या, म्हणजे विद्युतभारित वायूच्या, दाबावर मात करतो. पुढे वापरायची सगळी प्रतिमाने, म्हणजे दोराच्या आकाराची मानून घेतलेली गणिती चित्रे, याच गृहीतावर उभी आहेत.

आलेखावर हे कसे दिसते? सौरवाऱ्याच्या खडबडीत रेषांमध्ये अचानक शांतता येते. रेषा गुळगुळीत होतात. क्षेत्राचा उत्तर-दक्षिण घटक, समजा, अधिक पंधरापासून निघून दिवसभरात हळूहळू उणे पंधरावर येतो. पूर्व-पश्चिम घटक मध्येच एकदा फुगून पुन्हा खाली बसतो. ५०० किलोमीटर प्रतिसेकंद वेगाने चोवीस तास म्हणजे सुमारे ४.३ कोटी किलोमीटर, पृथ्वी-सूर्य अंतराच्या पाव भागाहून थोडे जास्त. एवढ्या जाडीचा दोर यानावरून सरकून गेला, आणि त्यातून आपण एकच सरळ रेघ कापली.

पिळाची बाजू त्या रेघेवरून अशी ठरते. पृथ्वीवरून सूर्याकडे तोंड केले आणि उत्तर वर धरली, तर डावीकडे पूर्व. समजा आघाडीला क्षेत्र उत्तरेकडे होते, मध्यावर पूर्वेकडे आणि शेपटीला दक्षिणेकडे. मध्यावर दोराच्या अक्षाची दिशा दिसते, कारण अक्षाजवळ क्षेत्र अक्षालाच समांतर असते. उजव्या हाताचा अंगठा पूर्वेकडे ठेवा. बोटे आपल्या बाजूला, म्हणजे आघाडीला, वर जातात आणि सूर्याच्या बाजूला खाली उतरतात. नोंदीशी जुळले, तर पीळ उजवा. त्याच क्रमात मध्यावर पश्चिम असती तर पीळ डावा. बोथमर आणि श्वेन यांनी १९९८ मध्ये अशा क्रमांना तीन-तीन अक्षरांची नावे दिली, आणि ती आजही कामाच्या बोलण्यात चालतात. यात कोणतेही प्रतिमान लागत नाही, म्हणूनच मी पिळाच्या बाजूवर विसंबतो. फक्त यान दोराच्या कडेवरून निसटते गेले असेल आणि क्षेत्र तीस-चाळीस अंशच फिरले असेल, तर मी बाजू सांगण्याचे टाळतो.

बाजू जपून ठेवण्याचे एक भौतिक कारण आहे. पिळाचे आणि गुंतागुंतीचे एकत्र मोजमाप म्हणजे हेलिसिटी. क्षेत्ररेषा तुटून नव्याने जोडल्या गेल्या (याला पुनर्जोडणी म्हणतात), त्यात चुंबकीय ऊर्जा उष्णतेत गेली, तरी अतिशय सुवाहक प्लाझ्मात एकूण हेलिसिटी फार कमी बदलते. जे. बी. टेलर यांनी १९७४ मध्ये प्रयोगशाळेतल्या प्लाझ्मासाठी हा विचार पुढे आणला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ही म्हण इथे अक्षरशः लागू पडते. म्हणून सूर्यावर दिसणारी पिळाची बाजू चार दिवसांनी पृथ्वीजवळही बहुधा तीच सापडते. उत्तर गोलार्धात डावा पीळ जास्त आणि दक्षिण गोलार्धात उजवा, हा कल सूर्यावर दिसतो. क्ष-किरणांत उद्रेकाच्या जागी उत्तरेत बहुधा उलट्या एस अक्षराचा आकार चमकतो, दक्षिणेत सुलट्या. सौरचक्रात ध्रुवांची अदलाबदल होते तरी हा कल तसाच राहतो. अपवाद मात्र भरपूर, त्यामुळे केवळ गोलार्धावरून एखाद्या उद्रेकाचे भाकीत करू नये.

अक्षाची दिशा काढायला पहिली पायरी म्हणजे मिनिमम व्हेरिअन्स पद्धत, सोनरप आणि केहिल यांची, १९६७ मधली. ढगातल्या सगळ्या बाणांची टोके एकत्र पाहायची आणि कोणत्या दिशेने ती सर्वांत जास्त पसरतात, कोणत्या दिशेने सर्वांत कमी, ते शोधायचे. यान दोराच्या मध्याजवळून गेले असेल तर सर्वांत जास्त पसरणारी दिशा वेढ्याची, मधली दिशा अक्षाची. इथे एक सावधगिरी हवी. मधले आणि सर्वांत लहान आयगेनमूल्य (त्या त्या दिशेतल्या पसाऱ्याचे माप) एकमेकांच्या जवळ असतील, तर त्या दोन दिशा एकमेकींत मिसळतात आणि अक्ष कुठेही फिरू शकतो. संगणक तरीही बिनदिक्कत उत्तर छापतो. गुणोत्तर तपासणे आपले काम.

त्यानंतर प्रतिमान बसवतात. सर्वांत जुने आणि अजूनही सर्वांत वापरातले प्रतिमान लुंडक्विस्ट यांनी १९५० मध्ये सोडवलेल्या समीकरणाचे: सरळ नळकांडे, आत प्रवाह क्षेत्राला समांतर, त्यामुळे क्षेत्राचे बल शून्य. अक्षाच्या दिशेचे क्षेत्र एका बेसेल फलनाने (नळकांड्याच्या गणितात येणारे ठरावीक फलन) कमी होत जाते, वेढ्याचे क्षेत्र दुसऱ्याने वाढते. बर्लागा यांनी १९८८ मध्ये ते ढगांना लावले, आणि लेपिंग व सहकाऱ्यांनी १९९० मध्ये नोंदींवर बसवण्याची पद्धत घालून दिली. दुसरे प्रतिमान गोल्ड आणि हॉइल यांचे, १९६० चे, त्यात पीळ सर्वत्र सारखा. तिसरा मार्ग ग्रॅड-शाफ्रानोव्ह समीकरणाचा, म्हणजे दाब आणि चुंबकीय बल यांच्या तोलाच्या समीकरणाचा. ह्यू आणि सोनरप यांनी २००२ मध्ये तो ढगांना लावला. त्यात छेद गोलच असला पाहिजे अशी अट नसते.

आता घट्टपणाचा मुद्दा, आणि खरा वाद इथे आहे. लुंडक्विस्टच्या दोराची त्रिज्या ०.१ खगोलीय एकक (एक खगोलीय एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर) धरली, तर अक्षाजवळ एका खगोलीय एककाच्या लांबीत जवळजवळ दोन वेढे येतात. कडेकडे जाताना वेढे वाढत जातात आणि जिथे अक्षीय क्षेत्र शून्य होते तिथे पीळ अनंत होतो. गोल्ड-हॉइलमध्ये कडेलाही तेवढेच वेढे. दोन्ही प्रतिमाने त्याच नोंदीवर बसवा, आलेखावर दोन्ही ठीकच दिसतात. मग कडेला वेढे खरे किती, हे चुंबकीय नोंदीवरून ठरत नाही. एका नोंदीवरून वेढ्यांची संख्या दशांशात लिहिलेली दिसली, की मी आधी कोणते प्रतिमान वापरले ते शोधतो.

वाद सोडवायला निसर्गाने एक मोजपट्टी दिली आहे: सूर्यावरच्या ज्वाळेतून सुटलेले इलेक्ट्रॉन. ते क्षेत्ररेषेच्या कडेकडेने धावतात. दहा किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचा इलेक्ट्रॉन सेकंदाला सुमारे ५८,००० किलोमीटर जातो, म्हणजे एक खगोलीय एकक त्रेचाळीस मिनिटांत. तो सुटला कधी हे टाइप-३ रेडिओ स्फोटावरून, म्हणजे अशाच इलेक्ट्रॉनांनी उठवलेल्या रेडिओलहरींवरून, कळते, पोहोचला कधी हे यानावरच्या संवेदकावरून. वेळेला वेगाने गुणले की त्या क्षेत्ररेषेची लांबी मिळते. रेषा जितकी गुंडाळलेली तितकी लांब. १८ ते २० ऑक्टोबर १९९५ च्या ढगातून विंड यान जात असताना योगायोगाने अशा पाच ज्वाळा झाल्या. लार्सन आणि सहकाऱ्यांना १९९७ मध्ये मध्याजवळ सुमारे १.२ आणि कडेजवळ सुमारे ३ खगोलीय एकक अशी लांबी मिळाली. म्हणजे कडेला पीळ जास्त, लुंडक्विस्टच्या बाजूने कौल. पण २०११ मध्ये केह्लर, क्रुकर आणि साबो यांनी अधिक ढग घेतले, तेव्हा मोजलेली लांबी आणि लुंडक्विस्टची लांबी यांचा मेळ बसेना. ह्यू आणि सहकाऱ्यांचे नंतरचे कामही एकसारख्या पिळाकडे झुकले. माझा स्वतःचा कल त्याच बाजूला आहे: दोराच्या गाभ्यात पीळ साधारण सारखा, आणि कडेचे पेड प्रवासात आजूबाजूच्या सौरवाऱ्याशी पुनर्जोडणी होऊन सोलले गेलेले. त्यामुळे जी कड आपण मोजतो ती मुळातली कड नसते.

प्रतिमानांची आणखी एक परीक्षा मला फार शिकवून गेली. रायली आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये संगणकातल्या कृत्रिम उद्रेकातून यानाची नोंद काढली आणि वेगवेगळ्या पद्धती वापरणाऱ्यांना ती दिली. खरे उत्तर आधी माहीत होते. यान मध्याजवळून गेल्याच्या नोंदीत उत्तरे बरीच जुळली. यान दूरून, कडेकडून गेल्याच्या नोंदीत अक्षाच्या दिशा एकमेकींपासून भरकटल्या. खऱ्या ढगात आपण मध्यापासून किती दूर होतो, हेही त्याच प्रतिमानातून काढावे लागते. हा फास कोणत्याही एकट्या यानाला सुटत नाही.

त्यावर उपाय म्हणजे एकाच दोरात दोन-तीन याने. विंड, एसीई, डिस्कव्हर आणि आदित्य-एल१ ही सगळी एल१ बिंदूच्या (सूर्य-पृथ्वी रेषेवरचा, दोघांच्या ओढीचा तोल साधणारा बिंदू) आसपास, पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर आहेत, म्हणजे दोराच्या जाडीच्या मानाने जवळजवळ एकाच जागी. तरीही ०.०१ खगोलीय एककाच्या अंतरावर असलेल्या एसीई आणि विंडच्या नोंदींत फरक दिसतो, आणि क्षेत्राची एकूण तीव्रता जितक्या दूरवर एकमेकींशी जुळते तितक्या दूरवर वेगवेगळे घटक जुळत नाहीत. म्हणजे गुळगुळीत दोराचे चित्र आपण समजतो त्यापेक्षा लवकर मोडते. सोलर ऑर्बिटर किंवा पार्कर सोलर प्रोब सूर्याजवळ आणि त्याच रेषेत एल१वर दुसरे यान, असा योग जुळला की मात्र तोच दोर लहान असताना आणि फुगल्यावर पाहता येतो. दोर प्रवासात फुगतो, म्हणूनच आघाडीचा वेग शेपटीपेक्षा जास्त असतो आणि आलेखात आघाडी जास्त तीव्र दिसते. फुगणे हिशेबात न घेता बसवलेल्या प्रतिमानात अक्ष मागे-पुढे सरकतो.

दूरून मोजण्याचाही मार्ग आहे. ध्रुवित, म्हणजे एकाच प्रतलात हलणारी, रेडिओलहर चुंबकित प्लाझ्मातून गेली की तिचे ध्रुवणप्रतल फिरते. १९६८ मध्ये पायोनियर ६ सूर्यामागे जाताना त्याच्या संकेतात असे क्षणिक फिरणे दिसले होते. पण त्यात इलेक्ट्रॉनांची घनता आणि क्षेत्र यांचा गुणाकार संपूर्ण वाटेवर साठून येतो. घनता वेगळ्याने कळल्याशिवाय क्षेत्र सुटे होत नाही.

हे सगळे कशासाठी, तर क्षेत्राच्या दक्षिण घटकासाठी. तो दक्षिणेकडे झुकला की पृथ्वीच्या क्षेत्राशी पुनर्जोडणी होते आणि चुंबकीय वादळ उठते. मार्च १९८९ मध्ये क्वेबेकची वीज नऊ तास गेली, मे २०२४ मध्ये नेहमीपेक्षा फार कमी अक्षांशांवर ध्रुवप्रकाश दिसला. एल१वरून सूचना ५०० किलोमीटर वेगाला जेमतेम पन्नास मिनिटांची. पण आघाडीला उत्तर दिसली आणि क्षेत्र सावकाश फिरू लागले, तर शेपटीची दक्षिण काही तास आधी ओळखता येते. पिळाची बाजू आणि अक्षाचा अंदाज, एवढ्यावर हे काम होते. वेढ्यांची नेमकी संख्या इथे लागत नाही. एकूण हेलिसिटी काढायची असेल तर ती लागते, शिवाय दोराची लांबीही. तिच्यासाठी कोणी अर्धे, कोणी अडीच खगोलीय एकक धरतो, आणि उत्तर त्याच पटीत बदलते.

स्वतः करून पाहायचे असेल तर विंडच्या ऑक्टोबर १९९५ च्या खुल्या नोंदी घ्या. क्षेत्र वीस नॅनोटेस्लाच्या आसपास, आधी दक्षिण, मग सावकाश उत्तर. आधी बोटांच्या नियमाने बाजू ठरवा. मग मिनिमम व्हेरिअन्सने अक्ष काढा. नंतर ढगाची सुरुवात एक तास पुढे आणि शेवट एक तास मागे घेऊन तोच अक्ष पुन्हा काढा, असे सात-आठ वेळा. अक्ष किती अंशांनी हलतो ते लिहून ठेवा. निबंधात अक्षाशेजारी अधिक-उणे म्हणून तेवढेच अंश लिहा, संगणकाने छापलेले नव्हेत.